जोडलेला अंगठा तिसऱ्या दिवशी निळा का पडला?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या धाकट्या भावाचा उजवा अंगठा कडबाकुट्टीत सापडून तुटला. गावाहून शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत साडेपाच तास गेले. अंगठा जोडला, दोन दिवस गुलाबी होता, तिसऱ्या दिवशी पहाटे जांभळा-निळा पडला. डॉक्टरांनी तासाभरात पुन्हा ऑपरेशनला घेतलं, गुठळी काढली आणि पुढे पाच दिवस जळवा लावल्या. अंगठा आता जगला आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: गुठळी झालीच का, रक्त पातळ करायचं इंजेक्शन पहिल्यापासून का दिलं नाही, आणि यात डॉक्टरांचं काही चुकलं का.

मी २६ वर्षं हेच काम करतोय. तुटलेले अवयव जोडणं आणि कॅन्सरच्या ऑपरेशननंतर शरीराच्या एका जागेचं मांस-हाड दुसरीकडे नेऊन तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडणं. तुमच्या भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर निकाल देणं माझ्या हातात नाही. पण निळा पडल्यापासून तासाभरात त्याला परत टेबलावर घेतलं, यापेक्षा मोलाची दुसरी कुठलीही गोष्ट त्या पहाटे कुणाला करता आली नसती, हे मात्र खात्रीने सांगतो. असं का, ते समजायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

अंगठ्याला रक्त आणणारी धमनी साधारण एक ते दीड मिलिमीटर रुंद असते. रक्त परत नेणाऱ्या शिरा अंगठ्याच्या पाठीवर, नखाच्या बाजूने असतात. त्या आणखी बारीक आणि इतक्या पातळ, की पाण्यात भिजलेल्या टिश्यूपेपरसारख्या चिमट्याला चिकटतात. त्या जोडायला जो दोरा वापरतो त्याला दहा-शून्य नंबर म्हणतात. माणसाच्या केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका तो जाड असतो, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. एका धमनीला असे सहा-आठ टाके पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे करता येतं हे १९६० साली अमेरिकेत जेकबसन आणि सुआरेझ यांनी दाखवलं, आणि १९६५ साली जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा पहिल्यांदा जोडून जगवला. म्हणजे ही विद्या फार जुनी नाही. तुमच्या-माझ्या आजोबांच्या हयातीत असा अंगठा टाकूनच द्यावा लागे.

आता गुठळीबद्दल. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक अतिशय गुळगुळीत अस्तर असतं. हे अस्तर नुसतं गुळगुळीत नसतं, ते सतत अशी रसायनं सोडत असतं की प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणारे रक्तातले बारीक कण, तिथे चिकटू नयेत. अस्तर फाटलं की खालचे तंतू उघडे पडतात, आणि प्लेटलेट्सना ते तंतू दिसले की त्या आपलं काम करतात: चिकटतात, एकमेकींना बोलावतात, भोक बुजवतात. बोट कापल्यावर रक्त थांबतं ते यामुळेच. शरीर आपल्याला वाचवायलाच हे करतं. पण आम्ही जिथे टाके घालतो तिथे प्रत्येक टाका हा अस्तराला पडलेलं एक भोक असतं. म्हणजे जोड कितीही सुबक असला तरी तिथे प्लेटलेट्स जमणारच.

हे मी रोज डोळ्यांनी पाहतो. वाहिनीला लावलेला चिमटा, म्हणजे क्लॅम्प, काढला की पांढराफटक अंगठा आधी कडेने, मग टोकापर्यंत गुलाबी होत जातो. टेबलाभोवतीच्या सगळ्यांची बोलणी तेवढी थांबतात. त्यानंतर मी लगेच पुढच्या कामाला लागत नाही. सूक्ष्मदर्शक त्या जोडावरच ठेवून काही मिनिटं नुसता बघत बसतो. वाहिनीची भिंत इतकी पातळ असते की आतलं दिसतं. टाक्यांच्या रेषेवर दुधावरच्या सायीसारखा एक पांढुरका थर धरतो. जोड नीट असेल तर वाहतं रक्त तो थर धुऊन नेतं, परत धरतो, परत धुतला जातो, आणि हळूहळू एक पातळ पापुद्रा राहून तो तिथेच स्थिरावतो. जोड बिघडलेला असेल, म्हणजे एखादा टाका मागची भिंतही पकडून बसला असेल, दोन्ही कडा आत मुडपल्या असतील किंवा बाहेरच्या आवरणाचा एखादा तंतू आत लोंबत असेल, तर ती साय धुतली जात नाही, जाड होत जाते, आणि आपल्या डोळ्यांदेखत प्रवाह बंद पडतो. अशा वेळी मनाची समजूत न घालता जोड कापून पुन्हा करायचा. रात्रीचे तीन वाजलेले असतात, पाठ भरून आलेली असते, भूल देणारे डॉक्टर घड्याळ बघत असतात, तरीही. ‘चालेल बहुतेक’ म्हणून सोडलेला जोड रात्रीत बंद पडतो, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी पुन्हा पुन्हा सांगतो.

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने तीन कारणं दीडशे वर्षांहून जास्त काळ शिकवली जातात: वाहिनीच्या भिंतीला इजा, प्रवाह मंदावणं, आणि रक्ताचा स्वतःचाच गोठण्याकडे कल. अंगठा जोडताना पहिली दोन कारणं जवळजवळ नेहमी हजर असतात, तिसरं क्वचित. तुमच्या भावाच्या बाबतीत मला सगळ्यात आधी पहिल्याचा संशय येतो. कडबाकुट्टीचं पातं धारदार असतं, पण ते सुरीसारखं एका घावात कापत नाही. रूळ हात आत ओढतात, माणूस झटक्याने मागे खेचतो, आणि या ओढाताणीत वाहिन्या कापल्या जायच्या आधी ताणल्या जातात. ताणलेली वाहिनी बाहेरून धड दिसते, आत मात्र अस्तर दूरपर्यंत जागोजागी तडकलेलं असतं. बोटाच्या बाजूने लाल रेघ उमटलेली दिसली, किंवा वाहिनी नागमोडी, गुंडाळलेल्या फितीसारखी दिसली, तर ती ताणली गेली आहे असं समजायचं. मग चांगला भाग लागेपर्यंत ती मागे-मागे कापत जायची. मनगटाकडच्या टोकातून रक्ताची जोरदार पिचकारी उडाली पाहिजे. नुसतं झिरपत असेल तर तिथे जोडण्यात अर्थ नाही. इतकं कापल्यावर दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. तेव्हा पुढच्या हाताच्या किंवा पावलाच्या शिरेचा तुकडा काढून मध्ये बसवतो. शिरेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून धमनीत बसवताना तो तुकडा उलटा करायचा. हे विसरणं म्हणजे नळ उघडून पुढे बूच लावणं.

यात आणखी दोन गोष्टी गुंतलेल्या असतात. एक, वाहिनी चिडते. थंडी, दुखणं, घाबरणं, कोरडेपणा, चिमट्याने धरणं, यातल्या कशानेही ती आकसते आणि प्रवाह मंदावतो. म्हणून आम्ही वाहिनी फक्त बाहेरच्या आवरणाला धरतो, तिच्यावर लिग्नोकेन किंवा पॅपाव्हरिन या तिला सैल करणाऱ्या औषधांचे थेंब सोडतो, ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली गरम ठेवतो, आणि खांद्याजवळून नळी टाकून अख्खा हात दोन-तीन दिवस बधिर ठेवतो. त्या बधिरतेने दुखणं तर थांबतंच, शिवाय वाहिन्या आकसवणाऱ्या नसाही झोपतात आणि हात उबदार राहतो. दुसरी गोष्ट वेळेची. तुटलेला भाग रक्ताशिवाय फार वेळ राहिला तर त्याच्या आतल्या बारीक केशवाहिन्यांचं अस्तर सुजतं. मोठा जोड उत्तम होऊनही रक्त आत शिरतच नाही. बोटात स्नायू नसतात म्हणून ते उबेत साधारण १२ तास आणि थंड ठेवलं तर २४ तासही तग धरतं. मनगटाच्या वरून तुटलेल्या हाताला मात्र स्नायूंमुळे उबेत सहा तासच मिळतात. तुमचे साडेपाच तास अंगठ्यासाठी मर्यादेत होते.

तुटलेला भाग कसा आणायचा हेही इथेच सांगून ठेवतो, कारण दर महिन्याला एखादं बोट माझ्यापर्यंत बर्फात थेट घालून, पांढरं-कडक होऊन येतं. त्या बोटाचं काही करता येत नाही, बर्फाने पेशी मेलेल्या असतात. स्वच्छ कापड सलाइनने ओलं करून पिळायचं, त्यात भाग गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. हळद लावायची नाही, स्पिरिट नाही, पाण्यात बुडवायचं नाही. गावातल्या आशाताईंना, कारखान्यातल्या सुपरवायझरना, रसवंतीवाल्यांना एवढं माहीत असलं तरी पुष्कळ बोटं वाचतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न, इंजेक्शनचा. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो आणि तो रास्त आहे. रक्त गोठल्याने अंगठा जातो, रक्त न गोठू देणारं औषध आहे, मग ते भरपूर का देत नाही? हेपरिन नावाचं ते औषध १९१६ साली बाल्टिमोरमध्ये जे मॅकलिन या विद्यार्थ्याच्या हाताला लागलं, आणि आम्ही ते ऑपरेशनमध्ये वापरतोच. सलाइनमध्ये मिसळून वाहिनीची उघडी टोकं त्याने सतत धुतो, म्हणजे टोकाशी रक्त साचून गोठत नाही. पण तेच औषध जास्त मात्रेत अंगात सोडलं तर कापलेल्या हाडातून, प्रत्येक टाक्यातून रक्त झिरपायला लागतं. ते रक्त त्वचेखाली साचतं. साचलेल्या रक्ताचा दाब सगळ्यात आधी कुणावर येतो? पातळ भिंतीच्या शिरेवर. शीर दबली की आत रक्त तुंबतं, आणि तुंबलेलं रक्त गोठतं. म्हणजे गुठळी टाळायला दिलेल्या औषधानेच गुठळी व्हायची.

शिवाय धमनीतल्या जोडावरची गुठळी मुख्यतः प्लेटलेट्सची, पांढरी असते. हेपरिन मात्र प्रामुख्याने फायब्रिनच्या, म्हणजे गुठळी बांधून ठेवणाऱ्या धाग्यांच्या जाळ्यावर काम करतं. म्हणून कमी मात्रेची ॲस्पिरिन आम्ही बऱ्याचदा देतो, आणि पायातल्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं कमी मात्रेचं हेपरिनही. एके काळी डेक्स्ट्रान नावाचं द्रावण सर्रास देत असत. मीही शिकताना दिलंय. पुढे नीट अभ्यास झाले तेव्हा दिसलं की त्याने जोड जास्त टिकत नाहीत, उलट फुप्फुसाचा आणि हृदयाचा त्रास वाढतो. आता बहुतेकांनी ते सोडलं. प्रत्येक युनिटची औषधांची पद्धत थोडी वेगळी असते, आणि कुठल्याही एका पद्धतीने निकाल ठळकपणे सुधारतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. चिरडलेलं बोट, शिरेचा तुकडा घालून केलेला जोड, किंवा टेबलावरच एकदा गुठळी झालेली असेल, तर मी हेपरिन जास्त देतो. साध्या जोडाला देत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी न देता दुसऱ्या ऑपरेशननंतर दिलं, यात मला काही वावगं दिसत नाही.

हेपरिनचा आणखी एक स्वभाव आहे, तो कमी लोकांना माहीत असतो. क्वचित एखाद्या रुग्णात पाच ते दहा दिवसांनी शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, प्लेटलेट्सचा आकडा निम्म्यावर येतो, आणि रक्तस्राव होण्याऐवजी नव्या गुठळ्या व्हायला लागतात. म्हणून हेपरिन चालू असताना प्लेटलेट्स मोजत राहायचं, आणि असा संशय आला तर ते पूर्ण बंद करून दुसऱ्या जातीचं औषध द्यायचं. नळी धुवायचं हेपरिनसुद्धा बंद. डॉक्टर सारखं रक्त का काढतात, असं वाटतं ना? त्यामागे हेही एक कारण असतं.

तिसरं कारण, रक्ताचाच कल, हे मी ऑपरेशनआधी विचारून घेतो: पायात कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला तरुणपणी झाली का, बाईंचे लागोपाठ गर्भपात झालेत का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का. पण आपल्याकडे या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न तंबाखूचा आहे. बिडी-सिगारेट तर आहेच. पण तळहातावर चुना मळून घेतलेली चिमूट, गुटखा, आणि घरोघरच्या बायका दात घासायला लावतात ती मिश्री, यातही निकोटीन तेच. ते बारीक वाहिन्या आकसवतं. रुग्ण ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणतो, आणि मिश्रीचं विचारलं की ‘ती तर दाताला’ असं उत्तर येतं. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी कुणीतरी मामा भेटायला येतात, बिचाऱ्याला तलफ आली असेल म्हणून हळूच पुडी देतात, आणि संध्याकाळी बोट पांढरं पडतं. हे मी एकदा नाही, पुष्कळदा पाहिलंय. भेटायला येणाऱ्यांचे खिसे तपासायला लाजू नका.

आता त्या पहाटेकडे येतो. जोडलेल्या अंगठ्यावर पहिले तीन ते पाच दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. तोवर जोडावर आतून नवा पापुद्रा धरतो, आणि एक-दोन आठवड्यांत खरं अस्तर वाढून टाके झाकले जातात. धमनीची गुठळी बहुधा पहिल्या दिवसात होते, शिरेची थोडी उशिरा. शिरेची जास्त वेळा होते, कारण भिंत पातळ, दाब कमी, प्रवाह संथ, आणि साध्या सुजेनेही ती चिमटली जाते. दोन्हींत बोट वेगळं दिसतं. धमनी बंद पडली की बोट फिकं, गार, पिचलेलं होतं; नखावर दाबून सोडलं तर रंग परत यायला फार वेळ लागतो, सुई टोचली तर रक्त येत नाही. शीर बंद पडली की बोट जांभळं, टम्म होतं. दाबून सोडलं की रंग झटकन, नेहमीपेक्षाही लवकर परत येतो, आणि टोचलं की काळपट रक्त भराभर येतं. निरोगी बोटात दाबल्यावर रंग परत यायला साधारण दोन सेकंद लागतात. हे सगळं पहिल्या २४ तासांत दर तासाला बघायचं असतं. रक्ताचा प्रवाह ऐकवणारा डॉप्लर असतो, त्वचेचं तापमान मोजायची साधनं असतात, पण सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे आदल्या तासाला तेच बोट पाहिलेली सिस्टर.

इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत, एका दवाखान्यात, एका तरुण कामगाराची तर्जनी मी जोडली होती. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास सिस्टरचा फोन आला: ‘सर, बोट मघापेक्षा जरा गडद वाटतंय.’ दुसरं काही सांगता येत नव्हतं तिला, नुसतं ‘जरा गडद’. मी अर्धवट झोपेत म्हणालो, हात उंच ठेवा, सकाळी बघतो. सकाळी सात वाजता पोचलो तेव्हा बोट काळं-निळं होतं. उघडलं, गुठळी काढली, पुन्हा जोडलं, पण आतल्या बारीक वाहिन्या तोवर गोठून गेल्या होत्या. सहा दिवसांनी बोट काढावं लागलं. त्याला घरी जाताना मी काय सांगितलं ते मला अजून आठवतं, आणि ते पुरेसं नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: सिस्टरला, नातेवाईकाला, कुणालाही रंग बदललासा वाटला, तर फोनवर सल्ला द्यायचा नाही, उठून जायचं. दहापैकी आठ वेळा काही नसतं. उरलेल्या दोन वेळांसाठी जायचं.

गेल्यावर पहिलं काम म्हणजे पट्टी पूर्ण सोडणं. रक्ताने भिजून वाळलेली पट्टी प्लास्टरसारखी कडक होते आणि बोटाभोवती दोरी आवळल्यासारखी बसते. ती कात्रीने उभी कापली, दोन-तीन टाके सैल केले, की काही वेळा बोट तिथेच, डोळ्यांसमोर, पुन्हा गुलाबी होतं. खोली गार असेल तर ती उबदार करायची, पाणी कमी पडलं असेल तर सलाइन वाढवायचं, दुखणं थांबवायचं. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत. एवढ्याने फरक पडला नाही तर ओटी. ‘औषध वाढवून बघू’ हा मार्ग तिथे नाही, कारण बंद पडलेली वाहिनी औषधापर्यंत रक्तच पोचू देत नाही.

ओटीत काय करतात? साचलेलं रक्त काढायचं. वाहिनी कुठे पिळली, वाकली, दबली आहे का ते पाहायचं. जोड कापून उघडायचा आणि गुठळी बाहेर काढायची. शिरेतली असेल तर जांभळ्या गांडुळासारखी सलग निघते. दोन्हीकडे हेपरिनच्या सलाइनने धुवायचं, थोडी मोठी वाहिनी असेल तर टोकाला फुगा असलेली बारीक नळी आत घालून उरलेली गुठळी ओढून घ्यायची. मग खराब टोकं आणखी मागे कापून, गरज पडेल तिथे शिरेचा तुकडा घालून, नव्याने जोडायचं. बारीक केशवाहिन्यांतही गोठलं असेल तर गुठळी विरघळवणारं औषध, स्ट्रेप्टोकायनेज, युरोकायनेज किंवा टीपीए, धमनीतून आत सोडता येतं. त्या वेळी शिरेचं टोक उघडं ठेवून ते बाहेर वाहू द्यायचं, म्हणजे बाकीच्या शरीरात ते पसरत नाही. कारण न शोधता नुसती गुठळी काढली तर ती काही तासांत परत होते. तुमच्या भावाच्या वेळी काय सापडलं ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

आणि जळवा. पुष्कळ नातेवाईक याने बिथरतात, त्यांना वाटतं डॉक्टरांचे उपाय संपले. तसं नसतं. दुसऱ्यांदा उघडल्यावर जोडण्याजोगी शीर उरलेली नसते असं बऱ्याचदा होतं. धमनी रक्त आत आणतेय आणि बाहेर जायला वाट नाही, अशा वेळी काही दिवस कुणीतरी ते रक्त बाहेर काढत राहावं लागतं, म्हणजे तोवर जखमेच्या कडेतून नव्या बारीक शिरा आरपार वाढतात. याला पाच-सात दिवस लागतात. जळू एका वेळी पाच-दहा मिलिलिटर रक्त पिते, पण तिचं खरं काम ती गळून पडल्यावर सुरू होतं. तिच्या लाळेतल्या हिरुडिन या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यामुळे चावल्याची जागा कित्येक तास झिरपत राहते, आणि तेवढा वेळ बोट हलकं राहतं. सुश्रुतांनी जळवांचे बारा प्रकार सांगितलेत, सहा विषारी आणि सहा निर्विष. आधुनिक शस्त्रक्रियेत त्यांचं नाव पुन्हा गाजलं ते १९८५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ अप्टन यांनी एका लहान मुलाचा जोडलेला कान जळवा लावून वाचवला तेव्हा. २००४ साली अमेरिकेच्या औषध खात्याने त्यांना रीतसर मान्यताही दिली.

पण जळू म्हणजे तळ्यातून धरून आणायची वस्तू नव्हे. तिच्या पोटात एरोमोनास नावाचे जिवाणू राहतात, त्यामुळे जळवा लावलेल्या रुग्णाला त्यावरचं प्रतिजैविक द्यावंच लागतं. एकाला लावलेली जळू दुसऱ्याला लावत नाहीत, ती नष्ट करतात. ती भलतीकडे सरकू नये म्हणून बोटाभोवती ओली गॉज गुंडाळून फक्त टोक उघडं ठेवायचं. किती लावल्या, किती काढल्या, याची मोजणी लिहून ठेवायची. आणि पाच दिवस सतत झिरपणारं रक्त मिळून बरंच होतं, म्हणून हिमोग्लोबिन रोज बघायचं; तुमच्या भावाला दोन पिशव्या रक्त दिलं ते त्यासाठीच. जिथे जळवा मिळत नाहीत तिथे आम्ही नख काढून खालच्या मऊ भागावर हेपरिनमध्ये बुडवलेल्या बोळ्याने दर काही तासांनी घासतो, म्हणजे तिथून रक्त वाहत राहतं. दिसायला क्रूर, पण बोट वाचतं. एक मात्र लक्षात ठेवा: जळवा शिरेच्या तुंबण्यावर आहेत. पांढऱ्या, गार पडलेल्या बोटाला जळू लावून उपयोग नाही. ती बहुधा चावतही नाही, तिला तिथे रक्तच मिळत नाही.

हीच गोष्ट तोंडाच्या कॅन्सरमध्ये. जबडा काढल्यावर पायाचं फिब्युला हाड त्याच्या वाहिन्यांसकट नेऊन मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. तिथल्या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटरच्या, त्यामुळे अनुभवी ठिकाणी असे नेऊन जोडलेले भाग, म्हणजे फ्लॅप, शंभरात पंच्याण्णव किंवा जास्त जगतात. पण तिथेही जे बिघडतात ते बहुतेक शिरेमुळे, आणि कारण कधी कधी अगदी साधं असतं: श्वासासाठी गळ्यात घातलेल्या नळीची नाडी मानेभोवती घट्ट बांधलेली असते आणि ती नेमकी जोडलेल्या शिरेवरून जाते. म्हणून आम्ही ती नळी त्वचेला टाक्याने शिवतो, नाडी बांधतच नाही. ज्यांचे नातेवाईक अशा ऑपरेशननंतर वॉर्डात आहेत त्यांनी मान ज्या बाजूला ठेवायला सांगितली आहे त्याच बाजूला ठेवावी, आणि मानेखाली उशी सरकवण्याआधी सिस्टरला विचारावं.

आता तुमच्या भावाचं पुढचं. जोडाला तीन आठवडे होऊन गेले असतील तर गुठळीची भीती जवळजवळ संपली. ॲस्पिरिन किती दिवस घ्यायची ते त्यांच्या डॉक्टरांनी लिहिलंय तेवढेच दिवस. कुणी सांगितलं म्हणून वाढवू नका, आणि गॅसचा त्रास होतोय म्हणून परस्पर बंदही करू नका. तंबाखू निदान दोन महिने अजिबात नको, आणि एवढे दिवस सुटलीच आहे तर कायमची सोडायला त्याला मदत करा. अंगठ्यात संवेदना यायला महिने लागतील, नस दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढते. तोवर चहाचा कप, तवा, बिडीची ठिणगी यातलं काही लागलं तर कळणार नाही आणि भाजेल. यंदाच्या थंडीत अंगठा दुखेल, पांढरा-निळा होईल. ती गुठळी नव्हे. जोडलेल्या बोटांना गारठा सोसत नाही, आणि हे दोन-तीन हिवाळे चालतं. लोकरीचा हातमोजा घालून पहाटे धारा काढायला जाऊ दे. मात्र उबेत आणल्यावर अर्ध्या तासात रंग परत आला नाही, तर फोटो काढून पाठवण्यात वेळ घालवू नका, त्याला गाडीत घाला आणि निघा.